जुने-नवे सेट-टॉप बॉक्स एकाच डिशवर चालवायचे असतील तर

धंद्याच्या जागी सगळे बॉक्स एकाच दिवशी कधीच येत नाहीत. आधी पाच घेतलेले असतात, दोन बिघडले म्हणून दोन नवे येतात, मग हॉल वाढतो आणि अजून तीन. सल्ला द्यायला येणारा प्रत्येकजण मात्र एकच सांगतो, सगळे बदलून टाका. त्याच्या खिशातलं काय जातंय! जुना बॉक्स चालतोय तोवर चालवा, फक्त केबल डोकं लावून ओढा.

आधी यादी करा. मॉडेल, चॅनेल उघडणाऱ्या कार्डाचा नंबर, कुठल्या टीव्हीला लावलाय, आणि बॉक्स डीव्हीबी-एस२ (उपग्रहावरून सिग्नल पाठवायची नवी पद्धत) घेतो का, एमपीईजी-४ (चित्र दाबून लहान करायची पद्धत) वाचतो का. एस२ हे २००५ चं स्टँडर्ड, त्याआधीच्या बॉक्समध्ये ते सिग्नल उलगडणारी चिपच नसते, त्यामुळे "अपडेट मारा, येईल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, कधीच येणार नाही. उलटं चालतं, नवा बॉक्स जुने चॅनेल आरामात दाखवतो. म्हणजे ज्या टीव्हीवर दोन-चार साधे एसडी चॅनेल लागतात तिथे जुना, एचडी लागतं तिथे नवा. कार्डांची अदलाबदल करू नका, बऱ्याचदा कार्ड त्याच बॉक्सशी बांधलेलं असतं. आणि घरगुती कनेक्शनचं कार्ड धंद्यात वापरायचं नसतं, कमर्शियलच घ्या.

आता केबल. सगळे इथेच अडकतात, मीही अडकलो होतो.

साध्या युनिव्हर्सल एलएनबीकडून (डिशच्या तोंडाशी बसवलेला, सिग्नल पकडून खाली पाठवणारा डबा) बॉक्स जे मागतो ते व्होल्टेजने मागतो. १३ व्होल्ट दिले की व्हर्टिकल (उभ्या लहरी), १८ दिले की हॉरिझॉन्टल (आडव्या), आणि वर २२ किलोहर्ट्झचा टोन सोडला की हाय बँड (वरच्या फ्रिक्वेन्सी), नाहीतर लो बँड. म्हणजे सिग्नलचे चार भाग, आणि एका केबलवरून एका वेळी त्यातला एकच खाली येतो. आता त्या केबलला स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले आणि एक १३ मागतोय, दुसरा १८, तर १८ वाला जिंकतो आणि पहिल्याचे अर्धे चॅनेल गायब. दुसरा बंद केला की परत येतात! मग लोक डिश हलवत बसतात, बॉक्स रिपेअरला टाकतात, आणि दोष असतो त्या स्प्लिटरचा. जुन्या बॉक्सला स्प्लिटर लावायचा नाही म्हणजे नाही, एक बॉक्स एक केबल.

नव्या बॉक्सचं वेगळं. त्यातल्या बऱ्याच जणांना एससीआर, म्हणजे बोलीभाषेत युनिकेबल, कळतं; ज्याला कळत नाही तो केबलपुरता जुनाच समजा. प्रत्येकाला आपापली फ्रिक्वेन्सी मिळते म्हणून सगळे एका केबलवर राहू शकतात. पण एक शिस्त असते, एरवी सगळ्यांनी खालच्या व्होल्टेजवर गप्प बसायचं, चॅनेल बदलायचा असेल तेव्हाच क्षणभर १८ वर जाऊन कमांड सोडायची आणि लगेच खाली यायचं. जुन्या बॉक्सला ही शिस्त माहीतच नाही, तो हॉरिझॉन्टल चॅनेलवर असला की १८ व्होल्ट धरूनच बसतो आणि बाकीच्यांची तोंडं बंद.

माझे दोन दिवस यात गेले. हॉलमधले सगळे टीव्ही चालू, चित्र एकदम स्वच्छ, पण चॅनेल बदलला की काळा पडदा. एलएनबी बदलला, केबलच्या टोकाचे सगळे एफ कनेक्टर परत बसवले, डिश पुन्हा लावली. शेवटी वैतागून एकेक सॉकेट काढत गेलो तर स्टोअररूममध्ये सापडलं. कुणीतरी पडून असलेला जुना बॉक्स "बघू चालतोय का" म्हणून रिकाम्या सॉकेटला लावला होता, काही दिसलं नाही म्हणून तसाच चालू सोडून गेला होता. म्हणून सांगतो, चित्र दिसतंय म्हणजे लाइन ठीक आहे असं कधी समजू नका. प्रत्येक बॉक्सवर चॅनेल बदलून बघा, बाकी सगळे चालू असताना.

करायचं ते असं. डिशवर क्वाट्रो एलएनबी, खाली असा मल्टिस्विच (डिशचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणारी पेटी) ज्याला जुन्यांसाठी साधे आउटपुट आणि नव्यांसाठी एससीआर आउटपुट दोन्ही आहेत. क्वाट्रो म्हणजे क्वाड नव्हे, दुकानदारसुद्धा गल्लत करतात. क्वाडच्या आतच स्विच असतो, क्वाट्रो चारही भाग कायम वेगवेगळे देतो आणि बहुतेक मल्टिस्विचना तोच लागतो. जुने बॉक्स साध्या आउटपुटवर, प्रत्येकाची स्वतंत्र केबल. नवे एससीआर लाइनवर, आणि तिथे स्प्लिटर लावायचाच तर सगळ्या पायांतून करंट जाऊ देणारा, डायोडवाला. रिकाम्या सॉकेटला डीसी अडवणारा टर्मिनेटर, म्हणजे बंद करणारं टोपण, लावा, म्हणजे माझ्यासारखं होणार नाही.

मग युजर बँड, म्हणजे एससीआर लाइनवर प्रत्येक बॉक्सला मिळणारा नंबर आणि त्याची फ्रिक्वेन्सी. एससीआरच्या ईएन ५०४९४ या स्टँडर्डमध्ये ८ च असतात, नंतरच्या ईएन ५०६०७ मध्ये ३२. मधल्या काळातले काही बॉक्स फक्त पहिलं जाणतात, म्हणून १ ते ८ नंबर त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि अगदी नव्यांना ९ पासून पुढे द्या, अर्थात मल्टिस्विच दोन्ही बोलत असेल तर. फ्रिक्वेन्सी मल्टिस्विचवर छापलेली असते तीच हाताने टाका. ऑटो सर्चवर माझा भरवसा नाही, दुसऱ्याचाच नंबर उचलला तर एकाने चॅनेल बदलला की दुसऱ्याचं चित्र उडतं आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे बघतं. नंबर आणि फ्रिक्वेन्सी स्टिकरवर लिहून बॉक्सच्या खाली चिकटवा. नवा बॉक्स लाइनवर घेताना बाकीचे सगळे बंद करून एकेक चालू करत जा, घाई करू नका.

बाकीचं सोपंय. एकाच मॉडेलचे बॉक्स शेजारी असतील तर एक रिमोट सगळ्यांना चालवतो, सेन्सरवर काळी टेप लावा किंवा रिमोट कोड बदलता येतो का बघा. वीज गेल्यावर बरेच जुने बॉक्स स्टँडबायमध्येच राहतात, तेवढे हाताने चालू करायला कुणाला तरी सांगून ठेवा. अपडेट धंद्याच्या वेळेत नको.

आणि जुना बॉक्स काढलात की त्याचा अडॅप्टर वेगळ्या कपाटात ठेवा, म्हणजे कुणी तो परत लावून बघणार नाही.