कारचे स्पार्क प्लग घरी कसे बदलावेत

स्पार्क प्लग बदलण्याविषयी सल्ला देणारे बहुतेक जण जुना प्लग काढण्याचेच वर्णन रंगवून करतात आणि 'नवा प्लग उलट्या क्रमाने बसवावा' असे एका ओळीत सांगून मोकळे होतात. इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा ज्या भागात प्लग बसतात तो, खराब होते ते नेमके त्या एका ओळीत. म्हणून या लेखात बाकीचे टप्पे थोडक्यात आटोपून बसवण्याच्या टप्प्यावर मी हात सैल सोडला आहे.

येथील वर्णन पेट्रोल कारचे आहे, आणि तेही वॅगन-आर किंवा स्विफ्ट यांतील के-मालिकेच्या इंजिनांसारख्या, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारा भाग) असलेल्या इंजिनाचे. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतात. प्लग घेताना गाडीच्या मॅन्युअलमधील क्रमांक दुकानदाराला दाखवावा आणि तोच मागावा. 'याच्या जागी हा चालतो' हे बोलणे ऐकून घ्यावे, पण प्लग घेऊ नये. एनजीके आणि बॉश या प्लग बनवणाऱ्या कंपन्या आहेत; एनजीकेच्या क्रमांकात उष्णतेचा आकडा वाढला की प्लग अधिक थंड प्रकारचा, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, असतो आणि बॉशच्या क्रमांकात नेमके उलटे असते, त्यामुळे अंदाजाने जुळवाजुळव केली की चूक ठरलेलीच. इरिडियम प्लग साध्या निकेल प्लगपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात, हे खरे आहे. त्यांनी मायलेज वाढते हा दावा मात्र मी मनावर घेत नाही. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ठिणगी पडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते, त्यामुळे प्लग लवकर झिजतात आणि तपासणीही लवकर करावी लागते.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. 'गरम असताना प्लग सहज सुटतो' हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे. प्लग सुटेलही, पण हेडचे गरम ॲल्युमिनियम मऊ असते आणि पोलादी प्लगबरोबर त्याचे आटेही ओरबाडले जातात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे काम सकाळी करावे हे उत्तम.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, काही गाड्यांत आड येणारा एअर फिल्टरचा डबा बाजूला करावा, कॉइलच्या कनेक्टरची कुलुपकडी दाबून तो काढावा आणि बोल्ट सोडवून कॉइल किंचित फिरवत सरळ वर ओढावी. जुन्या पद्धतीच्या वायर असलेल्या गाडीत वायरला हिसका न देता रबरी टोपी धरून ओढावी आणि एका वेळी एकच प्लग बदलावा, म्हणजे वायरींचा क्रम चुकत नाही. त्यानंतर प्लग ज्या खोल नळीच्या तळाशी असतो तीत हवा मारावी. त्यासाठी पायाने मारायचा पंपही पुरतो. येथे आळस केला तर नळीत साठलेली माती आणि कचरा प्लग निघताक्षणी सरळ सिलिंडरमध्ये पडतो. पावसाळ्यानंतर तर तेथे काय काय सापडते याची कल्पना बाहेरून येत नाही.

प्लग योग्य मापाच्या प्लग पान्याने सोडवावा. बऱ्याच गाड्यांना १६ मिमीचा पाना लागतो. अडल्यास जोर न वाढवता थोडे तेल सोडून वाट पाहावी, मग पाव फेरा सोडून पुन्हा थोडे आवळावे आणि असे मागेपुढे करत तो बाहेर आणावा. निघालेले प्लग क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सर्व ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोलचे प्रमाण जास्त, ओलसर तेलकट काळेपणा म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल येत आहे आणि पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे ते सिलिंडर अति तापत आहे. शेवटच्या दोन बाबतींत नवे प्लग हा उपाय नसतो. मूळ दोष शोधावा लागतो. जुने प्लग पॉलिश पेपरने घासून परत लावण्याची सवय ॲम्बॅसडरच्या काळातून आलेली आहे आणि ती तेथेच सोडून द्यावी.

नव्या प्लगचे अंतर, म्हणजे ठिणगी पडते ती दोन टोकांमधली फट, तारेच्या गेजने (फट मोजायच्या साधनाने) तपासावे. एनजीकेच्या क्रमांकाअखेर '-११' असेल तर ते १.१ मिमी आणि '-१०' असेल तर १.० मिमी असते. इरिडियमचे टोक अगदी बारीक तारेचे असल्याने त्यावर काहीही टेकवून दाबू नये. हातातून फरशीवर पडलेला प्लग दिसायला कितीही चांगला असला तरी मी तो लावत नाही, कारण प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही.

आता खरा टप्पा. हेड ॲल्युमिनियमचे आणि प्लग पोलादाचा, म्हणजे दोघांत भांडण झाले तर हरणार कोण हे आधीच ठरलेले आहे. जुन्या ॲम्बॅसडरचे हेड बिडाचे असल्याने पुष्कळ काही सोसून घेत असे. आजचे हेड सोसत नाही. त्यातून प्लग खोल नळीच्या तळाशी बसतो, त्यामुळे तो आट्यांवर सरळ टेकला की तिरका, हे दिसण्याची सोय नाही. हे सगळे बोटांना कळावे लागते आणि सुरुवातीला मलाही हेच सर्वांत जड गेले होते.

रॅचेटने, म्हणजे पान्याला लावायच्या लांब दांड्याने, प्लग सुरू करू नये. कधीही नाही. रॅचेटच्या दांड्याला इतका जोर असतो की तिरका लागलेला प्लगही तो गुमान आत घुसवतो, नवे आटे स्वतःच कापत जातो, आणि आपल्याला मात्र 'थोडा घट्ट जातोय' एवढेच जाणवते. त्याऐवजी वीतभर लांबीचा, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसणारा रबरी पेट्रोल पाइप घ्यावा. त्यात प्लग अडकवून तो नळीत सोडावा आणि पाइप दोन बोटांनी आधी उलट दिशेने, म्हणजे सोडवण्याच्या दिशेने, हळू फिरवावा. एका जागी प्लग किंचित खाली बसल्याचा टक् असा स्पर्श येतो. आट्यांची तोंडे तेथे जुळलेली असतात. तेथूनच सुलट फिरवायला लागावे. प्लग तिरका लागला तर पाइप प्लगवर घसरतो आणि पुढे जाण्यास नकार देतो, आणि या कामाला पाइप निवडण्याचे कारणही हेच आहे.

फेरे मोजावेत. आट्यांची लांबी १९ मिमी आणि पिच (दोन आट्यांमधले अंतर) १.२५ मिमी असलेला नेहमीचा १४ मिमी प्लग नुसत्या बोटांनी बारा-पंधरा फेरे मोकळा जायला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यालाच तो जड झाला तर पूर्ण बाहेर काढावा, आटे पुसून पाहावेत आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. 'थोडा जोर लावला की बसेल' असे शेजारी उभा असलेला कोणी म्हणाला तर त्याला चहा आणायला पाठवावे. आटे गेल्यावर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून दुरुस्ती होते, पण त्यासाठी भोक पुन्हा कापावे लागते आणि कापलेला धातू सिलिंडरमध्ये पडू न देण्याची कसरत कधीकधी हेड उतरवण्यापर्यंत जाते.

बोटांनी पूर्ण बसल्यावरच पाना लावावा. टॉर्क रेंच (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) असल्यास ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिमी आट्यांच्या वायसर असलेल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिमीच्या प्लगला १५ ते २० पुरतात. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असल्यास तोच पाळावा. रेंच नसल्यास वायसर टेकल्यानंतर नव्या १४ मिमी प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. या फेऱ्यात वायसर चपटा होतो. तोच प्लग पुन्हा बसवताना मात्र वायसर आधीच चपटा असतो, म्हणून सुमारे फेऱ्याचा बारावा भागच पुरतो, आणि हा फरक ठाऊक नसल्याने अनेक जण जुन्या प्लगलाही अर्धा फेरा देऊन बसतात. दुसऱ्या टोकाला, सैल प्लगही वाईटच. प्लगची उष्णता आटे आणि वायसरमार्गे हेडमध्ये उतरते. ती वाट तुटली की प्लग तापतो आणि कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) गळते.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायचा लेप) लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो मानत नाही. एनजीकेच्या प्लगच्या आट्यांवर गंज आणि चिकटणे रोखणारा मुलामा असतो आणि अँटी-सीझ न वापरण्याची सूचना कंपनीच देते. वंगणामुळे घर्षण घटते, त्यामुळे रेंचवर आकडा बरोबर दिसत असतानाही प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

कॉइल सरळ दाबून बसवावी, बोल्ट बेताने आवळावा, कनेक्टर टक् वाजेपर्यंत ढकलावा आणि बॅटरी जोडावी. इंजिन सुरू केल्यावर ते मिसिंग करू लागले, म्हणजे अडखळत चालू लागले, तर प्लगवर संशय घेण्याआधी कनेक्टर पाहावेत. अर्धवट बसलेला एखादा बहुधा तेथेच सापडतो.