गल्लीतल्या बारमध्ये बसायचं कसं आणि वेळेत उठायचं कसं

एका मित्राची सांगलीला बदली झालीय, त्यानं परवा विचारलं की इथं बसायला कुठं जायचं. म्हटलं एसी, निळं लायटिंग, मेनूकार्ड असलं पाहिजे असेल तर विश्रामबागच्या बाजूला फिर, सापडेल. पण गल्लीतल्या परमिट रूमला जायचं असेल तर थोडं शिकून जावं लागतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी बार निवडायचा. संध्याकाळी साडेसातला आत डोकावायचं आणि एकटे बसलेले किती आहेत ते बघायचं. एकेक जण क्वार्टर घेऊन गप बसलेला असेल, टीव्हीचा आवाज बारीक असेल, तर जागा चांगली. सहा-सहा जणांची टोळकी दिसली तर तिथनं परत फिरा, दहानंतर तिथं खुर्च्या उडणार. मग चखणा बघा. उकडलेले शेंगदाणे गरम पाहिजेत, गार आणि बुळबुळीत असतील तर ते दुपारचे समजायचे. आपल्याकडं बशीत भडंग येतं, फुकट, वर कांदा पेरून, आणि आपण खूश होतो, पण ते तिखटजाळ असतं म्हणून सोडा जास्त लागतो आणि सोडा काय फुकट नसतो.

मी जातो तो बार गावभागाकडं आहे. भिंतीवर २०१९ च्या पुराची मातकट रेघ आहे, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हाची. नंतर मालकानं सगळा बार रंगवून घेतला पण पेंटरला सांगितलं की रेघ तेवढी सोड. ती बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या बरीच वर येते. नवीन गिऱ्हाईक आलं की जुनं कुणीतरी बोट करून रेघ दाखवतं, मग आमच्यात किती पाणी होतं, फ्रिज कुठं तरंगत गेला, म्हशी कुणी सोडवल्या, असा तासभर जातो. एका टेबलाला यार्डातला हळदीचा हमाल, शेजारी रिटायर मास्तर, समोर तासगावकडचा बागायतदार, तो छाटणीनंतरच्या पावसानं द्राक्षावर दावण्या रोग कसा आला ते सांगतोय आणि मास्तर त्याला औषध सुचवायलेत. असली मैफल एसी हॉटेलात मिळत नाही, तिथं शेजारच्या टेबलाकडं बघितलं तरी लोक टवकारतात.

आता ऑर्डर. लूज पेग घेऊ नका, सीलबंद क्वार्टर मागवा, १८० मिली म्हणजे सरळ तीन सिक्स्टी, मापाचं भांडण नाही. टोपण तुमच्यासमोर फिरलं पाहिजे, तो कट् आवाज तुमच्या कानावर आला पाहिजे. लेबलवर विक्री कुठल्या राज्यासाठी आहे ते वाचा, आपल्या भागात गोवा बनावटीचा माल पकडल्याच्या बातम्या काय नवीन नाहीत. वाइन शॉपपेक्षा दर जास्त असणारच, त्यात परमिट रूमवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झालाय, ह्याच्यावरनं आणि बाकीच्या करवाढीवरनं १४ जुलै २०२५ ला बारवाल्यांनी बंदसुद्धा पाळला होता.

आणि हो, परमिट. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, त्यामुळं पिणाऱ्याला परवाना लागतो, एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजन्म १०००. दारूला वय २५ पूर्ण, बिअरला २१. आजन्मवाला काढून टाका, विषय संपला.

तोटे सांगायचे तर मुतारीपासनं सुरुवात करावी लागेल, पण ते राहू दे, जेवताना कुणीतरी वाचत असेल. बहिणीला, बायकोला घेऊन बसायची ती जागा नाही, फॅमिली रूम म्हणून जो पडदा लावलेला असतो त्याच्या मागं सोड्याचे क्रेट असतात. पण खरा तोटा ओळखीचा. जी ओळख गोड वाटते तीच नडते. महिन्याभरात वेटर न विचारता तुमचा ब्रँड आणतो, दोन महिन्यांनी दुसरी क्वार्टरपण न विचारता आणतो, आणि तिसऱ्या महिन्यात तुम्ही उठताना म्हणता, मामा, लिहून ठेवा. मी म्हणालो होतो. वहीत ६,४०० निघाले, आणि ते मला आधी मालकानं नाही, आमच्या चुलत्यांनी सांगितलं, तेपण घरात, सगळ्यांसमोर. तेव्हापासनं खिशात पाचशेच घेऊन जातो आणि फोन घरी चार्जिंगला लावतो, म्हणजे स्कॅन करून पैसे द्यायची सोयच नको.

बिल यायच्या आधी टेबलाखालच्या रिकाम्या बाटल्या उचलू देऊ नका. तीन सोडे प्यायलेत की पाच, हे त्याच सांगतात.

गाडी चालवायची नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर सापडलं की पहिल्या वेळेलाच १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत आत किंवा दोन्ही. गाडी तिथंच ठेवून चालत यायचं आणि सकाळी आणायची. फक्त बारच्या दारात ठेवू नका, पहाटे आमचा दूधवाला ती बघतो आणि सहा वाजता आईला विचारतो, दादा रात्री उशिरा आला वाटतं? मी आता पलीकडच्या मेडिकलसमोर लावतो.