कपाटातलं भागपत्र बाहेर काढा

मी धनकवडीत राहते आणि छोट्या पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, बचत गट यांचे हिशेब तपासते. सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही पदविका केली तेव्हापासून हेच काम. ओळखीतली तरुण मुलं विचारतात, "संपत्ती मूठभरांच्या हातात चाललीय, आम्ही नेमकं काय करायचं?" मी त्यांना सांगते, आधी घरातलं कपाट उघडा. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर आईबाबांच्या फाइलीत सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) असेल, बहुतेक ५० रुपयांचे १० भाग. शेजारी एखाद्या सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं भागपत्रही निघेल. म्हणजे तुमचं घर आधीच दोन-तीन ठिकाणी मालक आहे. ती मालकी वापरायला लागणं हीच सुरुवात.

सहकारात एका सभासदाला एकच मत. शंभर रुपयांचे भाग असोत की लाखाचे, मत तेवढंच. कंपनीत तसं नसतं, तिथे जितके शेअर तितकी मतं. पुण्यातल्या मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमिनी बिल्डरला विकल्या नाहीत, एकत्र येऊन कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा ठेवला. जमीन हातची गेली नाही ही फार मोठी गोष्ट झाली, पण तिथे वाटा जमिनीच्या मापाने आहे. पतसंस्थेत हमालाचं आणि दुकानदाराचं मत सारखं असतं, म्हणून मला सहकाराची वाट जास्त जवळची वाटते.

भागपत्र मिळालं की संस्थेत जाऊन तुम्ही पूर्ण सभासद आहात की नाममात्र, हे विचारा. कर्ज घेताना पुष्कळांना नाममात्र सभासद करून घेतात. त्यांना मत नसतं आणि नफ्यात वाटाही नसतो. नाममात्र असाल तर भाग घेऊन पूर्ण सभासदत्वासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मग वार्षिक सर्वसाधारण सभा. आर्थिक वर्ष मार्चला संपतं आणि सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुण्यातली मंगल कार्यालयं या सभांनी भरलेली असतात. सूचनापत्राच्या तळाशी एक ओळ असते, ती जरूर वाचा: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल, त्या सभेला गणपूर्तीची (ठरलेल्या किमान उपस्थितीची) आवश्यकता राहणार नाही. हजारो सभासदांच्या संस्थेचा वर्षाचा कारभार पाच-पन्नास माणसांत मंजूर होतो तो या ओळीच्या आधारावर. पुढच्या दोन रांगांतून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो आणि विषयपत्रिका वीस मिनिटांत संपते. मागे भेटवस्तूची रांग लागलेली असते. अशाच एका सभेत थकबाकीबद्दल विचारायला मी उभी राहिले, तर व्यासपीठावरून उत्तर आलं, "ताई, चहा झाल्यावर निवांत बोलू." चहानंतरचं बोलणं इतिवृत्तात येत नाही. म्हणून प्रश्न सभेआधी लेखी द्यायचा, पोच घ्यायची, सभेत तो वाचून दाखवायचा आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना तो त्यात आलाय का हे बघायचं.

अहवाल हातात आला की अध्यक्षांचं मनोगत बाजूला ठेवा आणि लेखापरीक्षणाचा वर्ग शोधा. अ, ब, क, ड यांपैकी एक अक्षर असतं. गेल्या वर्षी अ होता आणि यंदा ब झाला असेल तर कारण विचारा. मग थकबाकी आणि तिच्यासाठी केलेली तरतूद, म्हणजे कर्ज बुडालं तर म्हणून बाजूला काढलेली रक्कम, शेजारी शेजारी ठेवून बघा. समजा, संस्थेने ४० लाख नफा दाखवलाय. दोन कोटींची कर्जं बऱ्याच काळापासून थकलीत आणि तरतूद जेमतेम दहा लाखांची आहे. असा नफा कागदावरचा असतो आणि त्यातून वाटलेला लाभांश ठेवीदारांच्या पैशातून जातो. लाभांशाला कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. हे आकडे जुळतात का ते तपासा. संचालकांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलंय, त्यातलं किती थकलंय, हेही विचारा. विचारताना संकोच वाटतो, मला अजूनही वाटतो. पण ठेवी ठेवणाऱ्यांत भाजीवाल्या आहेत, रिक्षावाले आहेत, मुलीच्या लग्नासाठी साठवणाऱ्या घरकामाच्या मावशी आहेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. संस्था बुडाली तर आधी हीच माणसं मरतात.

कागद दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधलं कलम ३२ लक्षात ठेवा. उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम), शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनाशुल्क पाहण्याचा हक्क सभासदाला आहे. अर्जात कलमाचा क्रमांक लिहा. तरीही नकार आला तर तो अर्ज आणि पोच घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा.

घरची मालकी वापरायला लागलात की कष्टकऱ्यांनी उभ्या केलेल्या मालकीकडे बघा. पुण्याइतकी उदाहरणं सहज कुठे मिळणार नाहीत. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. हमालांच्या हक्कांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' ही जेवणाची केंद्रं सुरू झाली. तिथे जेवायला गेलात तर रास्त दरात पोटभर जेवण मिळतं आणि त्या पैशांमागे व्यापाऱ्याचा नफा नसतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची. तिच्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. तुमच्या दारात येणारी ताई त्या संस्थेची सभासद आहे, म्हणजे मालक आहे. तिला नोकर समजून बोलू नका.

इथे तुमचं काम रोजचं आहे. ओला-सुका वेगळा द्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघायची वेळ तिच्यावर येत नाही. महिन्याचं शुल्क वेळेवर द्या. सुका कचरा विकून येणारे पैसे तिच्या कमाईचा भाग आहेत, म्हणून पुठ्ठा आणि बाटल्या वेगळ्या काढून दुसऱ्या भंगारवाल्याला विकू नका. आमच्या सोसायटीच्या बैठकीत एकदा हे काम खासगी ठेकेदाराला द्यायचा विषय निघाला. मी दोन्हीकडचा खर्च एका कागदावर मांडला आणि ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बाईच्या हातात किती पडेल, ती ओळ खाली लिहिली. विषय तिथेच थांबला.

तुम्हाला हिशेब येत असेल तर त्याची गरज सगळ्यात जास्त आहे. गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेला गेले आणि शेतकऱ्यांच्या साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. आपण एवढं केलं नाही तरी वस्तीतल्या एखाद्या बचत गटाची वही लिहायला शिकवू शकतो. दहा ते वीस बायका, ठरलेल्या वारी बैठक, ठरलेली बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी. मी ज्या गटात जाते तिथे पेटी एकीच्या घरी असते, किल्ली दुसरीकडे, आणि दर बैठकीला शिल्लक मोठ्याने वाचली जाते. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना आकडा पाठ असतो. गट टिकला, धंदा सुरू झाला, तर वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा जणी मिळून सहकारी संस्था नोंदवू शकतात. घाई मात्र करू नका. वही वर्षभर चोख चालली तरच नोंदणीच्या कागदांना हात घाला.

राहिलं महापालिकेचं अंदाजपत्रक. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. अर्ज साधारण पावसाळ्याच्या शेवटी क्षेत्रीय कार्यालयात मागवतात, त्यामुळे ऑगस्टपासूनच तिथे चौकशी सुरू करा. काम छोटं आणि नेमकं असावं: बसथांब्यावर शेड, अंधाऱ्या बोळात दिवा, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती. जागेचा फोटो जोडा आणि जवळची खूण लिहा. तुमच्या सोसायटीसमोरचे ब्लॉक बदलायला सगळेच लिहितात, तुम्ही शेजारच्या वस्तीत जाऊन काय हवंय ते विचारा आणि तिथल्या लोकांच्या नावाने, त्यांच्या सह्यांनी अर्ज भरा. नंतर कनिष्ठ अभियंता जागा बघायला येतो. त्या दिवशी वस्तीतली दोन माणसं हजर राहतील असं बघा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक आलं की आपलं काम त्यात आहे का, हे क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा.