तोडीच्या झाडांवर खुणा करताना या चुका टाळा

दिवाळी झाली आणि रान वाळायला लागलं की पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरात कटरचे आवाज सुरू होतात. होळीच्या आसपास भांडणं सुरू होतात. मालक म्हणतो, ठेकेदारानं जास्तीची झाडं नेली. ठेकेदार म्हणतो, दाखवली तेवढीच पाडली. मला दोन्हीकडचे लोक मोजायला बोलावतात, त्यामुळे दोघांचंही ऐकून घ्यावं लागतं. बऱ्याचदा दोघंही खरंच बोलत असतात, घोळ झालेला असतो खुणेत. दरवर्षी तोच घोळ बघून आता वैताग आलाय, म्हणून हे लिहितोय.

खूण तोडायची की राखायची, हेच न बोलणं

मेढ्याच्या वरच्या अंगाला एका निवृत्त गुरुजींची सिल्व्हर ओकची लागण होती. दाट झाली म्हणून विरळणी करायची ठरली. गुरुजी शिस्तीचे. त्यांनी सरळसोट, वाढती झाडं निवडली आणि प्रत्येकाला कमरेएवढ्या उंचीवर चुन्याचा पट्टा मारला. ही राखायची, बाकीची वाकडी-तिकडी काढायची. त्यांच्या लेखी यात शंकेला जागाच नव्हती. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुना मारतात तो झाड राखण्यासाठीच ना!

ठेकेदाराशी बोलणं फोनवर झालं. ‘खुणा केल्यात, बघून घ्या,’ एवढंच. टोळी आली त्या दिवशी गुरुजी कराडला लग्नाला. मुकादमानं पट्टे बघितले आणि कटर चालू केला. त्याच्या आयुष्यात खूण म्हणजे तोड, दुसरा अर्थच नाही. गुरुजी दुपारी परतले तेव्हा पट्ट्याची बहुतेक झाडं आडवी झाली होती आणि वाकडी सगळी उभी. मुकादम शांतपणे म्हणाला, “आवो गुरुजी, चुना तुमीच मारलाता की. आमी खुणंचीच पाडली.”

खोटं कुणीच बोललं नव्हतं. तरी त्या ठेकेदाराला त्या गावात पुन्हा कुणी काम दिलं नाही, आणि गुरुजींनी उरलेली झाडं आजवर विकलेली नाहीत. तो ठेकेदार भला होता म्हणून सरळ लाकडाचा भाव तरी मोजून दिला. दुसरा कुणी असता तर तेवढंही हाती लागलं नसतं.

माझा नेम साधा आहे. तोडायच्या झाडालाच खूण करायची, राखायच्या झाडाला हातही लावायचा नाही. खूण लाल ऑइल पेंटची. चुना पहिल्या वळवाला धुऊन जातो, आणि चुन्याचा डबा पाच मिनिटांत कुणालाही आणता येतो. आणि खुणा करताना ठेकेदार किंवा त्याचा मुकादम शेजारी उभा पाहिजे. ‘वेळ नाही, तुम्हीच करून ठेवा’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला मी सांगतो, वेळ असेल तेव्हा या, झाडं कुठं पळून जात नाहीत.

एकच खूण, तीही छातीएवढ्या उंचीवर

ही चूक माझ्या विशेष रागाची. छातीएवढ्या उंचीवरची खूण झाडाबरोबर जाते. ओंडका वखारीत गेला की मागं काय राहतं? बुडखा. आणि बुडख्यावर काहीच नाही. शिराळ्याकडे एका सागाच्या रानात मालक म्हणत होता सात झाडं जास्त गेली, व्यापारी म्हणत होता एकही नाही. मला निवाडा करायला नेलं. मी बुडखे मोजून दिले, पण कुठला बुडखा खुणेच्या झाडाचा आणि कुठला बिनखुणेच्या झाडाचा, हे मी काय सांगणार? शेवटी दोघांनी निम्म्यावर मिटवलं, मनातून दोघंही धुमसत गेले.

वनखात्याची जुनी रीत बघा. एक खूण छातीच्या उंचीला, दुसरी बुडाशी. खाली मुळाच्या फुगवट्यावर कोयत्यानं वरची सुकी साल तेवढी तासायची (आतल्या ओल्या सालीला धक्का लागू द्यायचा नाही, सौदा फिसकटला तर झाड जगलं पाहिजे), आणि तिथं पेंटनं नंबर टाकायचा. वर जो नंबर तोच खाली. खालची खूण उताराच्या खालच्या बाजूला, जमिनीपासून वितीच्या आत. म्हणजे कटर तिच्या वरूनच जायला हवा.

याचा आणखी एक फायदा, जो टोळीला आवडत नाही. दगड लागून साखळी बोथट होते, वाकावं लागतं, म्हणून कटरवाला गुडघ्याएवढ्या उंचीवर कापतो. सागाचं सगळ्यात जाड लाकूड तिथंच वाया जातं. शिवाय साग बुडख्यातून पुन्हा फुटतो, आणि खाली कापलेल्या बुडख्याचा फुटवा जास्त भक्कम येतो. ‘नंबर दिसेल इतका खाली काप’ असं आधीच ठरलेलं असलं की वाद घालावा लागत नाही.

सगळ्या खुणा एकाच तोंडाला करायच्या. खालून वर गेलात तर खुणा खालच्या तोंडाला. परत उतरताना वळून वळून बघितलं की कुठलं सुटलं ते कळतं. आणि तोड चालू असेल त्या दिवशी संध्याकाळी बुडखे मोजून वहीत टिकमार्क करायचे, आठवड्यानं नाही.

उक्ता सौदा

‘सगळं रान उक्तं द्या, मोजायची कटकट नको.’ हे वाक्य ऐकलं की समजा, समोरच्यानं रान तुमच्यापेक्षा बारकाईनं मोजलंय. निलगिरी टनावर जाते, तिथं वजनकाटा असतो. साग, जांभूळ, ऐन अशी इमारती झाडं घनफुटावर द्या.

हिशेब अवघड नाही. ओंडक्याच्या मधोमध घेर घ्यायचा, चारनं भागायचा, त्याचा वर्ग करून लांबीनं गुणायचा. घेर 48 इंच, लांबी 10 फूट: घेराचा चौथा भाग 12 इंच, म्हणजे 1 फूट, लाकूड झालं 10 घनफूट. खरं गोल लाकूड पावणेतेराच्या आसपास भरतं, पण बाजाराची रीत ही आहे आणि भावही तिच्यावरच ठरलेला असतो, तेव्हा त्यावरून भांडू नका. भांडायचं असेल तर टेप कुठं धरला यावरून भांडा. मधल्याऐवजी बारीक टोकाकडे धरून 46 इंच आला की तोच ओंडका 9.2 घनफुटांवर येतो. दोन इंचांत पाऊण घनफूट गेलं. सुतळी तर वापरूच नका, ती ओढेल तशी ताणते.

उभ्या झाडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर, उतारावर असेल तर वरच्या बाजूनं उंची धरून. हे आकडे नंबरवार वहीत, खाली दोघांच्या सह्या. विसार घ्यायचा तो सह्यांनंतर. विसार हातात पडला की मालकाला रानात जायचा कंटाळा येतो, हे मी फार वेळा बघितलंय.

बांधावरची झाडं

भाऊबंदांच्या बांधावरचा आंबा-फणस कुणाचा, याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं असतं. मोजणीचा नकाशा नसेल तर बांधाच्या झाडाला खूण करू नका. 7/12 सामाईक असेल तर सगळ्यांच्या सह्या आणा, मुंबईला असलेल्या चुलत्याच्या सुद्धा. तो तोडीच्या दिवशी बरोबर फोन करतो. टोळी बसून राहिली तर तिची हजेरी ठेकेदाराच्या अंगावर पडते, आणि ती वसूल तुमच्याच लाकडातून होते.

परवानगी ‘नंतर बघू’

स्वतःच्या रानातलं, स्वतः लावलेलं असलं तरी 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा, खैर, चंदन ही झाडं येतात. परवानगीशिवाय पाडू नका. परवानगी मिळाली तरी वनखात्याचा हातोडा (ओंडक्यावर ठोकलेला शिक्का) आणि वाहतूक परवाना असल्याशिवाय ओंडका रस्त्यावर आणू नका. ‘ते आम्ही सांभाळतो’ म्हणणाऱ्या ठेकेदाराची गाडी अडवली की झाडाचा मालक म्हणून नाव तुमचंच निघतं.

किरकोळ, पण दरवर्षीच्या

पोकळ झाड ओळखायला कुऱ्हाडीच्या तुंब्यानं (पात्याच्या मागच्या बोथट बाजूनं) बुंधा ठोकून बघा, वहीत तसा शेरा मारा. जुनी जांभळं हमखास पोकळ निघतात. ऐन आणि किंजळ यांची गल्लत करू नका, ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते. आग्या मोहोळ असलेलं किंवा ढोलीत धनेशाचं घरटं असलेलं झाड यादीत धरूच नका. ओढ्याकाठची झाडंही सोडा, पुढच्या पावसाळ्यात बांध तीच धरतात.

आणि जळण कुणाचं ते लिहून ठेवा. मनगटापेक्षा बारीक फांदी मालकाची, जाड ठेकेदाराची, असं मी लिहून घेतो. मनगट कुणाचं, यावरूनही एकदा तासभर गेला, तेव्हापासून इंचात लिहितो: घेर 8 इंचांच्या आत मालकाचा.