स्टिरॉइड सुरू झालंय? मग शुगर दुपारनंतर बघा

डॉक्टरांनी दम्यासाठी, संधिवातासाठी नाहीतर अंगावर उठलेल्या ॲलर्जीसाठी प्रेडनिसोलोन किंवा मेथिलप्रेडनिसोलोन लिहून दिलं की घरात पहिला प्रश्न हाच, शुगर वाढेल का? वाढू शकते, आधी डायबेटिस नसेल तरी वाढू शकते, पण त्यासाठी गोळी नाकारायची नसते, शुगर नीट मोजायची असते. आणि आपल्याकडे नेमकी चुकीच्या वेळेला मोजतात.

आधी एक क्लिअर करतो, जिमवाली पोरं घेतात ती स्टिरॉइडं वेगळी. ही म्हणजे आपल्याच शरीरातल्या कॉर्टिसोलची भावंडं. यांच्यामुळे लिव्हर जास्त साखर बनवून रक्तात सोडतं, स्नायू आणि चरबी इन्सुलिनला दाद देईनाशी होतात म्हणजे साखर आत घेत नाहीत, आणि वरून पॅनक्रियासलाही पुरेसं इन्सुलिन सोडायला जड जातं. तिन्हीकडून कोंडी. ज्याचा पॅनक्रियास दमदार आहे तो जास्त इन्सुलिन काढून वेळ मारून नेतो, बॉर्डरलाइनवाल्यांचं, घरात डायबेटिस असलेल्यांचं, पोट सुटलेल्यांचं बिंग इथे फुटतं.

आता वेळेचं. प्रेडनिसोलोन बहुतेक सकाळी नाश्त्यानंतर एकदाच देतात. त्याचा शुगरवरचा जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत असतो, रात्री ओसरतो आणि पहाटेपर्यंत शुगर बऱ्यापैकी जागेवर आलेली असते. आणि आपण काय करतो, तर लॅबचा मुलगा सकाळी सातला घरी येऊन फास्टिंगचं ब्लड घेऊन जातो, रिपोर्ट नॉर्मल, सगळे खूश. आमच्या आत्याच्या वहीतलं एका दिवसाचं पान सांगतो: सकाळी उपाशीपोटी १०४, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी २४८, संध्याकाळी साडेसहाला २८१. फक्त पहिला आकडा बघितला असता तर सगळं आलबेल वाटलं असतं. एचबीए१सी पण इथे कामाची नाही, ती साधारण तीन महिन्यांची सरासरी, आठवड्याभराच्या कोर्समधली उसळी तिच्यात दिसतच नाही (स्टिरॉइड सुरू व्हायच्या आधी मात्र करून ठेवा, म्हणजे साखर आधीपासूनच होती का ते कळतं).

मग मोजायची कधी? डायबेटिस नसेल आणि गोळी सकाळची असेल तर दिवसातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी. डायबेटिस असेल तर तिन्ही जेवणांआधी आणि झोपताना. २०० च्या वर आकडे यायला लागले तर मोजणी वाढवा आणि डॉक्टरांना फोन करा, ३०० च्या पुढे जातंय, सारखी तहान, सारखं बाथरूम, ग्लानी असं काही असेल तर फोनवर न थांबता गाठाच. टाइप १ वाल्यांनी इन्सुलिन कधीही बंद करायचं नाही, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) पण तपासायचे. आणि हो, बोट साबणाने धुऊन कोरडं करून मगच टोचा, आंबा कापलेल्या हाताने स्ट्रिप लावली तर मीटर आंब्याचीच शुगर सांगणार.

डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टिरॉइडचं गणित वेगळं. त्याचा असर दीड-दोन दिवस टिकतो, त्यामुळे फास्टिंग पण चढतं. गोळी बारीक दिसते म्हणून फसू नका, ०.७५ मिलीग्राम डेक्सा म्हणजे ५ मिलीग्राम प्रेडनिसोलोन, किंवा ४ मिलीग्राम मेथिलप्रेडनिसोलोन. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्यांना रोज ६ मिलीग्राम द्यायचे, हिशोब तुम्हीच करा. २०२१ मध्ये म्युकरचे (काळ्या बुरशीचे) पेशंट वाढले त्यात बेताल शुगर आणि वारेमाप स्टिरॉइड ही जोडी मोठं कारण होती.

गुडघ्यात, खांद्यात घेतलेल्या इंजेक्शननेही काही दिवस शुगर वर राहते, हे बऱ्याचदा कोणी सांगतच नाही, ऑर्थोवाल्यांना स्वतःहून विचारा. इन्हेलर नेहमीच्या डोसमध्ये असेल तर फार घाबरायचं कारण नाही.

खाण्याचं म्हणाल तर स्टिरॉइडने भूक खवळते, आणि चारच्या सुमाराला काही खावंसं वाटतं तेव्हा नेमकी शुगर चढलेली असते. मग लक्ष्मी रोडवरनं येताना अमृततुल्यचा गोड चहा आणि क्रीमरोल होतोच. त्या वेळेला मूठभर शेंगदाणे-फुटाणे, ताक, काकडी असं हाताशी ठेवा, दुपारच्या ताटात भात अर्धा करा, जेवून वीस मिनिटं चाला. उपास करून शुगर पाडायच्या भानगडीत पडू नका, गोळ्या-इन्सुलिन चालू असताना तर अजिबात नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा डोस उतरताना होतो. स्टिरॉइड ४० वरून ३०, २० असं खाली येतं आणि शुगरचं औषध मात्र तेवढंच राहतं, मग एखाद्या दिवशी घाम फुटतो, हात थरथरतात, शुगर ७० च्या खाली. म्हणून स्टिरॉइडचा डोस बदलला की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन किती कमी करू? शुगर पडलीच तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, पेशंट शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ हॉस्पिटल. व्होग्लिबोज ही शुगरची गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं, तेव्हा त्याचा डबा घरात असू द्या.

शुगर वाढली म्हणून स्टिरॉइड आपल्या मनाने बंद करणं तर त्याहून वाईट. काही आठवडे घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं, गोळी एकदम तोडली तर बीपी पडून जिवावर बेतू शकतं.

चिकनगुनियानंतर सांधे धरले की कोणीतरी बिननावाची पुडी आणून देतं, दोन दिवसांत पेशंट पळायला लागतो. अशा पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातलेलं सापडतं, त्यामुळे विनाकारण शुगर चढली तर ही पुडी डॉक्टरांना दाखवा, लपवू नका.

कोर्स संपला की शुगर बहुतेकांची खाली येते, पण सगळ्यांची नाही. तीन महिन्यांनी फास्टिंग आणि एचबीए१सी करा, फास्टिंग १२६ किंवा एचबीए१सी ६.५ अथवा त्याच्या पुढे असेल तर ती आता स्टिरॉइडची शुगर राहिलेली नाही, डायबेटिसचीच ट्रीटमेंट सुरू करावी लागेल.