माणूस चुकीचा की जागा?

भोसरीत वर्कशॉप असो की लक्ष्मी रोडला साडीचं दुकान, कुणावर ‘कामाचा नाही’ असा शिक्का मारण्याआधी 15 दिवस वही ठेवा. कोणतं काम तो न सांगता उरकतो, कोणतं उद्यावर ढकलतो आणि बाकीचे अडले की त्याच्याकडे काय विचारायला येतात, एवढंच टिपा. तिसरी नोंद सगळ्यात बोलकी. आमच्याकडे एका पोराचा सीएनसीवरचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचा, माल रोज रिजेक्ट व्हायचा. पण हातात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) आला की 0.02 मिलिमीटरचा फरकही सुटायचा नाही. बाकीचे ऑपरेटर मापं त्याच्याकडूनच तपासून घ्यायचे. शेवटी तपासणीलाच बसवला. आणि हो, वही लपवू नका. त्याच्यासमोर उघडा, निम्म्या नोंदींचं कारण तोच सांगेल.