वर्तनात्मक अर्थतज्ज्ञाची सायटेशन्स मोजताना या चुका टाळा

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात किंवा गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत प्रबंधाची तयारी करणाऱ्यांना कधी ना कधी एखाद्या वर्तनात्मक अर्थतज्ज्ञाच्या, म्हणजे माणसं आर्थिक निर्णय प्रत्यक्षात कसे घेतात हे अभ्यासणाऱ्याच्या, संशोधनाचा आढावा लिहावा लागतो. बहुतेक जण गूगल स्कॉलर हे संशोधन शोधायचं संकेतस्थळ उघडतात, उजवीकडचे सायटेशन्सचे (इतरांनी त्या कामाचा किती वेळा उल्लेख केला याचे) आकडे उतरवून घेतात आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतात. गडबड तिथूनच सुरू होते.

नावावर विसंबणे. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी रीत. जर्नल मात्र कधी एकच आद्याक्षर छापतं, कधी दोन. लग्नानंतर आडनाव बदललं, तर एकाच बाईंचं काम दोन नावांखाली विखुरतं. उलट ‘एस. जोशी’ शोधलंत तर डॉक्टर, इंजिनिअर, अर्थतज्ज्ञ सगळे एकत्र येतात. म्हणून ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर आधी तो पाहा. नसेल तर संस्था आणि सहलेखक जुळवून बघा.

एकच पेपर दोनदा मोजणे. अर्थशास्त्रात पेपर जर्नलमध्ये येण्याआधी बरीच वर्षं वर्किंग पेपर, म्हणजे कच्चा मसुदा, म्हणून फिरतो, आणि मधल्या काळात शीर्षकही बदलतं. दोन्ही आवृत्त्या वेगळ्या दिसल्या, तर पेपरांची संख्या फुगते आणि सायटेशन्स विभागली जातात. स्कॉलरवर ‘ऑल व्हर्जन्स’ उघडून खात्री करा.

दोन ठिकाणचे आकडे शेजारी मांडणे. स्कॉलर पुस्तकं, प्रबंध, वर्किंग पेपर सगळं धरतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन्सच्या सूची निवडक जर्नलांवर भर देतात. त्यामुळे एकाच व्यक्तीचा स्कॉलरवरचा आकडा सहसा बराच मोठा असतो. एकाचा आकडा स्कॉलरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा, अशी तुलना करूच नका.

एच-इंडेक्सला सर्वस्व मानणे. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवलं. किमान २० सायटेशन्स असलेले २० पेपर असले, की इंडेक्स २०. त्यातल्या एका पेपरला हजारो सायटेशन्स असली तरी इंडेक्स तेवढाच राहतो. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा ‘इकॉनोमेट्रिका’ या जर्नलमधला १९७९ चा प्रॉस्पेक्ट थिअरीचा (जोखीम असताना लोक निर्णय कसे घेतात याचा) पेपर या सबंध शाखेचा पाया आहे, पण एच-इंडेक्समध्ये तो एकच पेपर म्हणून धरला जातो. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, खाली कधी येत नाही. तरुण संशोधकाला त्याने जोखणं अन्यायाचं आहे.

लेखकांच्या क्रमावरूनही घाईने निष्कर्ष काढू नका. अर्थशास्त्रात नावं सहसा वर्णानुक्रमे येतात, मानसशास्त्रात पहिलं नाव बहुधा मुख्य काम करणाऱ्याचं असतं, आणि ही शाखा दोन्हींच्या सीमेवर उभी आहे. कानेमन-ट्वर्स्की यांनी तर पहिल्या पेपरवर कुणाचं नाव आधी, हे नाणं उडवून ठरवलं आणि पुढे आलटूनपालटून नावं लावली.

सायटेशन म्हणजे पुरावा, असं समजणे. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. फॉर्मच्या तळाशी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर लोक अधिक प्रामाणिक राहतात, असं सांगणारा पेपर २०१२ मध्ये अमेरिकेच्या ‘पीएनएएस’ या जर्नलमध्ये आला आणि खूप उद्धृत झाला. २०२० मध्ये मूळ लेखकांनीच इतरांसह पुन्हा प्रयोग केले, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. २०२१ मध्ये मूळ पेपरातली गाड्यांच्या विम्याची आकडेवारी बनावट असल्याचे पुरावे पुढे आले आणि तो पेपर मागे घेतला गेला. सायटेशनचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. चूक दाखवण्यासाठी केलेला उल्लेखही त्यात बेरजेतच जातो.

सगळंच पोकळ आहे, असंही नाही. २०१६ मध्ये अर्थतज्ज्ञ कॅमेरर आणि सहकाऱ्यांनी अर्थशास्त्रातले १८ प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा ११ मध्ये मूळ निष्कर्षाच्या दिशेनेच ठळक परिणाम मिळाला. आपण ज्याविषयी लिहितोय तो पेपर त्या ११ सारखा की उरलेल्या ७ सारखा, हे शोधायला पाहिजे. त्यासाठी स्कॉलरवर ‘साइटेड बाय’ची (त्या पेपरचा उल्लेख करणाऱ्यांची) यादी उघडा, तिच्यात ‘रेप्लिकेशन’ (प्रयोग पुन्हा करून पाहणे) हा शब्द शोधा, जर्नलच्या पानावर मागे घेतल्याची सूचना आहे का ते बघा आणि अलीकडचे काही उल्लेख प्रत्यक्ष वाचा. त्यात एक संध्याकाळ जाईल, जाऊ द्या.

गाईडला एकच आकडा हवा असेल, तर तो कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहा. त्याच ओळीत सर्वाधिक उद्धृत झालेल्या तीन पेपरांची नावं द्या आणि प्रत्येकापुढे तो प्रयोग पुन्हा झाला का, झाला असल्यास काय निघालं, हेही नोंदवा.